समोरची काच : एका शब्दाचा विचार

मोटारीच्या पुढील काचेला इंग्रजीत दोन नावे आहेत. ब्रिटिश वळणाचे 'विंडस्क्रीन', म्हणजे वाऱ्याचा पडदा. अमेरिकी वळणाचे 'विंडशील्ड', म्हणजे वाऱ्याची ढाल. सुरुवातीच्या मोटारी उघड्या असत. चालकाच्या तोंडावर येणारा वारा व धूळ अडवणे हेच या काचेचे काम होते. नावे त्या काळातली आहेत.

यांना मराठी प्रतिशब्द कोणता? शब्दशः भाषांतर केले तर 'वातरोधक काच' असा शब्द तयार होतो. पण 'वात' म्हणताच मराठी माणसाला सांधेदुखी आठवते, आणि 'वातरोधक' हे औषधाचे नाव वाटते. 'वायुरोधी' म्हणावे, तर हवाबंद डबा डोळ्यांपुढे येतो.

गॅरेजमध्ये मात्र ही अडचण नाही. तिथे 'समोरची काच', 'मागची काच', 'बाजूच्या काचा' असे सरळ बोलतात. हे शब्द वाऱ्याचा उल्लेख करत नाहीत; वस्तू कशाची आहे आणि कुठे आहे, एवढेच सांगतात. आज तेच उपयोगी आहे. केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ यांतील नियम १०० मध्ये समोरच्या व मागच्या काचेतून किमान ७० टक्के आणि बाजूच्या काचांतून किमान ५० टक्के प्रकाश आरपार गेला पाहिजे, असे प्रमाण घालून दिले आहे. म्हणजे नियमाला काळजी वाऱ्याची नाही, दिसण्याची आहे. आणि काच कोणत्या जागेची, यावर प्रमाण ठरते.

महाराष्ट्राबाहेरच्या मराठी भाषकांनी इथे एक भेद जपायला हवा. हिंदीत 'शीशा' म्हणजे काचही आणि आरसाही. तेलुगूतील 'अद्दम्' या शब्दाचेही तसेच. त्यामुळे इंदूर-ग्वाल्हेरच्या किंवा हैदराबादच्या बोलण्यात 'गाडीचा शीशा फुटला' असे सहज येते. पण फुटले काय? मागचे दाखवणारा बाजूचा आरसा, की समोरची काच? दोन्हींच्या किमतीत मोठे अंतर आहे. विम्याच्या अर्जात किंवा पोलिसांकडील जबाबात ही संदिग्धता महागात पडू शकते. मराठीत आरपार दिसते ती काच आणि प्रतिबिंब दिसते तो आरसा. हा भेद आपल्याकडे आयता आहे.

क्रियापदही नेमके हवे. समोरच्या काचेत दोन थरांमध्ये पारदर्शक प्लॅस्टिकचा पातळ पापुद्रा असतो. दगड लागला तर ती तडकते, पण तुकडे पापुद्र्याला धरून राहतात. बाजूच्या काचा बहुधा कठीण केलेल्या एकेरी असतात. त्यांचा बारीक चुरा होतो. म्हणून 'समोरची काच तडकली' आणि 'दाराच्या काचेचा चुरा झाला', असे लिहावे.

लिंगाकडेही लक्ष द्यावे. 'काच' स्त्रीलिंगी : ती काच, त्या काचा, काचेवर. 'तो काच' म्हटले की अर्थ बदलतो. तो काच म्हणजे जाच, त्रास. हिंदीच्या सवयीने 'समोरचा काच' म्हणणाऱ्या विद्यार्थ्याला हा फरक सांगितला, की तो सहसा विसरत नाही.

'विंडस्क्रीन' हा शब्द बोलण्यात आला तर बिघडत नाही. पण अर्ज, सूचनाफलक व पाठ्यपुस्तक यांत 'समोरची काच' लिहावे. नवा शब्द घडवण्यापूर्वी, तो कामगारांच्या तोंडी आधीच आहे का, हे पाहणे हिताचे.