दात येताना टाकणखार नको

प्रश्न : मुलगी सात महिन्यांची आहे. खालची हिरडी सुजलीय, लाळ गळते, रात्री किरकिर करते. सासूबाई मधात टाकणखाराची लाही कालवून चोळायला सांगतात. चोळू का? – एक आई, पिंपळी (ता. बारामती)

उत्तर : नको. सासूबाईंच्या काळी घरोघरी हेच होतं, त्यांना दोष नाही. पण टाकणखार म्हणजे बोरॅक्स. तो पोटात जात राहिला, तर तान्ह्या बाळाला झटके येऊ शकतात. वर्षाच्या आत मधही द्यायचा नाही, त्यातून बोट्युलिझम या गंभीर विषबाधेची भीती असते. बधिर करणारी जेलसुद्धा नकोत. त्यांतल्या बेंझोकेन या औषधाबद्दल अमेरिकेच्या एफडीएने २०१८ मध्ये इशारा दिला आहे.

साबणाने हात धुऊन बोटाने हिरडी हलकेच दाबा. घरात कुणी मशेरी लावत असेल, तर ते बोट बाळाच्या तोंडात मुळीच नको! स्वच्छ सुती फडकं उकळलेल्या पाण्यात भिजवून, पिळून, फ्रीजमध्ये गार करा आणि तुमच्यासमोर चावू द्या. बर्फासारखं कडक नको. लाळ टिपत राहा, हनुवटीला खोबरेल लावा. फारच रडली तर पॅरासिटामॉल, पण वजनानुसार डॉक्टरांनी सांगितलेल्या मापानेच.

‘दातामुळे ताप, दातामुळे जुलाब’ हे मात्र मानू नका. या वयात दिसेल ते तोंडात जातं, जुलाब त्यातून लागतात. ताप १००.४ अंश फॅरेनहाइट किंवा जास्त असेल, पातळ शी होत असेल, दूध पीत नसेल, तर (जुलाब असतील तेव्हा ओआरएस सुरू करून) बारामतीला बालरोगतज्ज्ञांकडे न्या.