औद्योगिक क्षेत्राची नोटीस येण्यापूर्वी

आपल्या गावाजवळ औद्योगिक वसाहत होणार असे कानावर आले की प्रथम चर्चा होते ती भावाची. सातबारा मात्र कोणी काढून पाहत नाही. नगर-मनमाड रस्त्यावरील नागापूर, नगर-पुणे रस्त्यावरील सुपे किंवा श्रीरामपूर येथील वसाहती आपण जाता-येता पाहता. त्या उभ्या राहण्याच्या कितीतरी आधी त्यांची आखणी कागदावर झालेली असते, आणि शेतकऱ्याचे बरेवाईट त्या कागदावरच ठरते.

ही आखणी महाराष्ट्र औद्योगिक विकास अधिनियम, १९६१ अन्वये होते. प्रथम शासन अधिसूचना काढून या कायद्याचे सहावे प्रकरण ठराविक गट नंबरांना लागू करते. त्यानंतर कलम ३२(२) ची वैयक्तिक नोटीस येते. आपली जमीन का घेऊ नये याचे म्हणणे मांडण्याची संधी येथेच असते. सुनावणीनंतर कलम ३२(१) ची अधिसूचना निघाली की जमीन शासनाकडे निहित होते. पैसे हाती पडेपर्यंत जमीन आपली, असा अनेकांचा समज आहे तो चुकीचा आहे. मोबदला मागाहून ठरतो.

नोटीस अभिलेखात ज्याचे नाव असेल त्याच्या नावे निघते. मयत आजोबांचे नाव अजून सातबारावर असेल तर नोटीस त्यांच्याच नावे येईल आणि नातवंडे मुदत संपल्यावर जागी होतील. म्हणून वारसनोंद व वाटपाचे फेरफार आजच मंजूर करून घ्यावेत. भाऊबंदकीचा वाद असल्यास तो आपसात मिटविणे केव्हाही स्वस्त. नाहीतर मोबदल्याची रक्कम न्यायालयात अडकून पडते.

दुसरी बाब विहिरीची. पारनेरसारख्या कमी पावसाच्या तालुक्यात बागायत व जिरायत दरांतील फरक मोठा असतो. विहीर, कूपनलिका आणि डाळिंबाची बाग शिवारात दिसते, पण सातबारावर ‘जिरायत, बाजरी’ एवढेच लिहिलेले असते, असे बरेच ठिकाणी आढळते. २०२१ पासून पीकपाहणी शेतकऱ्याने स्वतः मोबाईलवर नोंदवायची आहे. ती प्रत्येक हंगामात नोंदवावी, विहीर व फळझाडेही नोंदवावीत. नोटीस आल्यावर घाईने केलेल्या नोंदीकडे अधिकारी संशयाने पाहतात, आणि त्यात त्यांचे चुकते असेही म्हणता येत नाही.

संयुक्त मोजणीच्या दिवशी बांधावर स्वतः हजर राहावे. पाईपलाईन, गोठा, शेततळे, झाडांची संख्या व वय हे सर्व पत्रकात आले की नाही ते पाहूनच सही करावी. फळझाडांचे मूल्यांकन कृषी खाते, बांधकामाचे सार्वजनिक बांधकाम खाते व इमारती लाकडाच्या झाडांचे वन खाते करते. पत्रकात जे नाही त्याचे मूल्यांकनही होत नाही.

हरकत लिहिताना नुसते ‘जमीन द्यायची नाही’ असे लिहून भागत नाही. गट नंबरनिहाय कारणे द्यावीत. गटाचा काही भाग जाऊन दहा-पंधरा गुंठ्यांचा तुकडा उरणार असेल तर तो घ्यावा किंवा पूर्ण गट वगळावा, अशी मागणी करावी. उरलेल्या शेताला रस्ता कोठून, विहीर पलीकडे गेल्यास पाणी कसे आणायचे हेही लिहावे. भूखंड सपाट करताना ओढे बुजविले गेले तर खालच्या पाझर तलावाचे पाणी तुटते, म्हणून नकाशावर ओढे दाखविण्याचा आग्रह ग्रामसभेच्या ठरावातून धरावा. असा ठराव शासनावर बंधनकारक नसतो, तरी सुनावणीच्या कागदात तो असणे उपयोगी पडते.

दर वाटाघाटीने ठरू शकतो. मात्र संमतीने दर स्वीकारल्यावर वाढीव मोबदल्याचा मार्ग बहुधा बंद होतो. संमती न झाल्यास जिल्हाधिकारी मोबदला ठरवितात व त्याविरुद्ध न्यायालयात दाद मागता येते. त्या वेळी रक्कम हरकत राखून स्वीकारावी व तसे पावतीवर लिहावे. बाधितांना विकसित भूखंड मिळणार का, किती व कोणत्या दराने, हे संमतिपत्रावर सही करण्यापूर्वी लेखी मागावे. बैठकीत तोंडी दिलेले आश्वासन पुढे बदलून आलेल्या अधिकाऱ्याला माहीतही नसते.