दोष इंग्रजांचा किती, आपला किती?

देशातील कोणत्याही दुखण्याची चर्चा निघाली की, "हे सारे इंग्रजांनी करून ठेवले," असे म्हणणारा एक वर्ग आहे. दुसरा वर्ग म्हणतो, इंग्रज आले म्हणून आमच्या हाती पाटी-पेन्सिल आली. आपल्या समाजात हे दुसरे मत अधिक ऐकू येते व त्यात तथ्यही आहे. परंतु विद्यार्थ्यांनी दोन्ही मते इतिहासाच्या कसोटीवर घासून पाहिली पाहिजेत.

१८५६ साली धारवाडच्या सरकारी शाळेत एका महार मुलाने प्रवेश मागितला. शाळा सरकारी, पैसा सरकारी, तरी त्यास प्रवेश मिळाला नाही. एका मुलासाठी बहुसंख्यांची शाळा निरुपयोगी करणे योग्य नव्हे, असा मुंबई सरकारचा निर्णय झाला. अस्पृश्यता काही इंग्रजांनी जहाजातून आणली नव्हती. परंतु राज्य निर्वेध चालावे म्हणून त्यांनी तिला हात लावला नाही, हा त्यांचा अपराध होय. १९३० च्या गोलमेज परिषदेत डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी नेमका हाच जाब विचारला. विहीर, मंदिर, पोलीस, लष्कर, यांची दारे इंग्रज येण्यापूर्वी बंद होती. दीडशे वर्षांनी ती उघडली काय?

येथे अपराध दुर्लक्षाचा होता. १८७१ चा गुन्हेगार जमाती कायदा मात्र सर्वस्वी इंग्रजांचा. एखादी जमातच गुन्हेगार ठरवायची, तिची नोंद ठेवायची, हजेरी घ्यायची, परवान्याशिवाय हद्द ओलांडू द्यायची नाही! आरंभी उत्तर हिंदुस्थानात असलेला हा कायदा १९११ साली मुंबई इलाख्यासही लागू करता येईल असा झाला. सोलापूरला तारेच्या कुंपणाची सेटलमेंट उभी राहिली. गुन्हा न करता माणसे तिच्यात राहिली.

आता ही कल्पना इंग्रजांना सुचली कशी, ते पाहा. कायदा करतेवेळी असा युक्तिवाद झाला की, या देशात सुताराचा मुलगा सुतार होतो, तसा गुन्हेगाराचा मुलगा गुन्हेगारच होणार. म्हणजे कायदा त्यांचा आणि त्यामागील जन्मसिद्ध धंद्याचे तत्त्वज्ञान आमच्या घरचे! शिवाय या जमातींवर नजर ठेवण्याचे काम गावच्या पाटलाकडे व जागल्याकडे होते. त्यांना कोणी विलायतेहून आणले नव्हते.

१९५२ साली हा कायदा रद्द झाला आणि या जमाती 'विमुक्त' झाल्या. पण त्याची जागा प्रांतोप्रांतीच्या सराईत गुन्हेगारांविषयीच्या कायद्यांनी घेतली. मुंबई राज्याचा असा कायदा १९५९ चा आहे. हे कायदे व्यक्तीसाठी होते, जमातीसाठी नव्हते, असे सांगितले जाते. तथापि चोरी झाली की पोलीस आधी पारध्यांच्या पालावर जातात, हे ग्रामीण भागातील कोणास ठाऊक नाही? १८७१ ते १९४७ या ७६ वर्षांचा जाब लंडनला विचारावा. त्यानंतरचा जाब मुंबई-दिल्लीस, व गावातील आपल्या शेजाऱ्यासही, विचारावा लागेल.

कारण ३ ऑक्टोबर २०२४ रोजी, स्वातंत्र्यानंतर ७७ वर्षांनी, सर्वोच्च न्यायालयाला कारागृह नियमावल्यांतील जातीवर कामे वाटणारी कलमे रद्द करावी लागली. स्वयंपाक कोणी करावा व झाडलोट कोणी करावी, हे त्यांत जातीवरून ठरत असे. विमुक्त जमातींना सराईत गुन्हेगार मानणारे उल्लेखही त्यांत होते. कैद्यांच्या नोंदवहीतील जातीचा रकाना काढून टाका, असा आदेश न्यायालयाने दिला आणि नियमावल्या सुधारण्यास राज्यांना तीन महिन्यांची मुदत दिली.