दुभाजकाचा महामार्ग आणि उसाची ट्रॉली

गळीत हंगाम सुरू झाला की महामार्गालगतच्या गावांत एक प्रश्न दरवर्षी उभा राहतो. शेतातून बाहेर पडताच लागणाऱ्या रस्त्यावरील वाहतूक दक्षिणेकडे जाते. कारखाना मात्र उत्तरेस. दुभाजकातील वळण दोन किलोमीटर दक्षिणेस असेल, तर चार किलोमीटरांचा फेरा पडतो. ताशी २० किलोमीटर वेगाने त्यास १२ मिनिटे लागतात व साधारण लिटरभर डिझेल जळते. एवढ्यासाठी ट्रॅक्टर उलट दिशेने घातला जातो.

या बचतीची दुसरी बाजू पाहावी. ताशी ८० किलोमीटर वेगाने येणारी मोटार व ताशी २० ने जाणारा ट्रॅक्टर एकाच दिशेने असतील, तर त्यांतील अंतर सेकंदास सुमारे १७ मीटरने घटते. समोरासमोर असतील तर २८ मीटरने. रात्री १५० मीटरांवरून ट्रॉली दिसली, तर पहिल्या स्थितीत जवळजवळ नऊ सेकंद मिळतात, दुसरीत पाचच.

उलट जाणारा चालक सवयीने आपली डावी बाजू धरतो. पण तीच दुभाजकालगतची, वेगवान वाहनांची बाजू असते. तो कडेने गेला तरी धोका टळत नाही. पोटरस्त्यावरून येणारा मनुष्य उजवीकडे पाहून पुढे सरतो. डावीकडून ट्रॉली येईल, ही शंकाही त्यास नसते.

मोटार वाहन कायद्याच्या कलम १८४ मध्ये २०१९ च्या दुरुस्तीने उलट दिशेने वाहन हाकणे धोकादायक ठरविले आहे. पहिल्या अपराधास सहा महिने ते एक वर्ष कैद, अथवा १,००० ते ५,००० रुपये दंड, किंवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात.

केवळ दंडाची भीती घालून मात्र फेरा कमी होत नाही. ग्रामपातळीवरील कार्यकर्त्यांनी हंगामापूर्वीच शेतरस्ते, वळणे व भुयारी मार्ग यांचा कच्चा नकाशा काढून चालक व तोडणी टोळ्यांच्या मुकादमांस समजावून द्यावा. जेथे फेरा खरोखर मोठा आहे, तेथे ग्रामसभेच्या ठरावाने सेवारस्त्याची मागणी करावी. दुभाजक फोडून वाट काढू नये. राष्ट्रीय महामार्गाची अशी नासधूस हाही गुन्हा आहे. वाहतुकीचा खर्च ठरवितानाच फेऱ्याचे डिझेल धरावे, कारण खेपेवर पैसे मिळणारा चालक ते स्वतःच्या पदरचे घालणार नाही.

ट्रॉलीस मागे तांबडी व पुढे पांढरी परावर्तक पट्टी असावी. उसाखाली झाकलेली पट्टी निरुपयोगी होय.

चुकून उलट दिशेस शिरल्यास रस्त्यातच वळण घेऊ नये. वाहन कडेस थांबवून दिवे लुकलुकते ठेवावेत, माणसांस रस्त्याबाहेर उभे करावे आणि राष्ट्रीय महामार्गावर १०३३, अन्यत्र ११२ या क्रमांकावर कळवावे.