तबीथाने माप घेतलं होतं

आजचं वाचन : प्रेषितांची कृत्ये 9:36-43
सोबत वाचा : 1 शमुवेल 2:18-19 आणि अनुवाद 24:17



चर्चमध्ये तुम्हाला कधी ना कधी कुणीतरी विचारलं असेल, "तू कुठल्या सेवेत आहेस?" वर्शिप टीम, संडे स्कूल, तरुण संघ, मीडिया टीम असं पटकन सांगता आलं तर प्रश्न मिटतो. पण ज्याला गाता येत नाही, माईक हातात आला की घाम फुटतो आणि शिवाजीनगरहून लोकल पकडून घरी पोचेपर्यंत रात्रीचे नऊ वाजतात, त्याने काय सांगायचं?

आजचा उतारा अशांसाठी आहे. माझ्यासाठीही आहे. मी लोणावळ्यात राहते आणि शिवणकाम करते. आमच्या घरात पायाचं शिलाई मशीन आजीच्या वेळेपासून आहे. आधी आजी, मग आई आणि आता मी त्यावर बसते. म्हणून तबीथाची गोष्ट मी जरा शिवणाऱ्या बाईच्या नजरेने वाचते. आज तशीच तुमच्यापुढे ठेवते.

उताऱ्यात काय घडतं?

यापो हे समुद्राकाठचं गाव. तिथे तबीथा नावाची एक विश्वासी बाई होती. ग्रीक भाषेत तिला दुर्कस म्हणत. दोन्ही नावांचा अर्थ एकच, हरिणी. ती सत्कृत्यं आणि दानधर्म यांत सतत गुंतलेली असे. मग ती आजारी पडली आणि गेली. बायकांनी तिला स्नान घालून माडीवरच्या खोलीत ठेवलं. पेत्र तेव्हा लोद गावात होता. लोद ते यापो हे अंतर साधारण लोणावळा ते कामशेत एवढं. दोन माणसं धावत गेली आणि त्याला लगेच घेऊन आली. पेत्र वर गेला, तेव्हा गावातल्या विधवा रडत त्याच्याभोवती उभ्या राहिल्या. तबीथा त्यांच्यात असताना तिने जे अंगरखे आणि कपडे शिवले होते, ते त्या त्याला दाखवू लागल्या. पेत्राने सगळ्यांना बाहेर पाठवलं, गुडघे टेकून प्रार्थना केली आणि तिला उठायला सांगितलं. ती उठून बसली.

इथे एक लहानशी गोष्ट सहज नजरेतून सुटते. तबीथाला इथे "शिष्या" म्हटलं आहे. मूळ ग्रीकमध्ये या शब्दाचं स्त्रीलिंगी रूप संपूर्ण नव्या करारात फक्त एकदाच येतं, आणि ते तबीथासाठी. तिने दिलेलं एकही प्रवचन पवित्र शास्त्रात नाही. तिच्या तोंडचं एक वाक्यसुद्धा नाही. तिच्या शिष्यपणाचा पुरावा म्हणून कपडे पुढे केले गेले, आणि ते लूकने लिहून ठेवले.

कपडा तेव्हा काय होता?

आज सेलमध्ये तीन कुर्ते घेऊन त्यातला एक आपण घालतही नाही. पहिल्या शतकात तसं नव्हतं. सूत हाताने कातायचं, कापड हाताने विणायचं आणि हातानेच शिवायचं. गरिबाकडे पांघरायला एकच वस्त्र असे. म्हणूनच नियमशास्त्र सांगतं, की गरिबाचं पांघरूण गहाण घेतलं तर सूर्य मावळायच्या आत परत द्या, कारण रात्री त्याच्याकडे दुसरं काही नसतं (निर्गम 22:26-27). आणि विधवेचं वस्त्र तर गहाण घेऊच नका (अनुवाद 24:17).

नवरा गेलेल्या बाईला मिळकत नसे. अशा वेळी तिच्या अंगावर नवा अंगरखा येणं म्हणजे थंडीपासून आडोसा आणि चार लोकांत उभं राहण्याची हिंमत, दोन्ही एकदम मिळणं. काही अभ्यासक म्हणतात, त्या बायका घडी करून आणलेले कपडे दाखवत नव्हत्या, अंगावर घातलेलेच दाखवत होत्या. मला हे पटतं. दुसरा जोड असायचा कुठून?

माप घ्यायचं तर जवळ जावं लागतं

आता शिवणारी म्हणून मला दिसलेली गोष्ट सांगते. पैसे लांबून देता येतात. जुने कपडे पिशवीत भरून देता येतात. पण कुणासाठी नवं शिवायचं असेल तर लांबून जमत नाही. टेप घेऊन तिच्यासमोर उभं राहावं लागतं. खांदा मोजावा लागतो. एक खांदा झुकलेला आहे, हे तेव्हा कळतं. बाही कोपराखाली हवी असं ती म्हणते, तेव्हा हातावर भाजल्याचा डाग आहे हे कळतं. मागच्या वर्षीच्या मापापेक्षा ती चार इंच बारीक झाली आहे, हेही कळतं. मग आपण विचारतो, "काय गं, जेवतेस ना नीट?"

तबीथाने त्या प्रत्येकीचं माप घेतलं होतं. म्हणजे ती प्रत्येकीच्या इतक्या जवळ उभी राहिली होती. शास्त्र म्हणतं की ती "त्यांच्यात असताना" शिवत होती. त्या बायका शिलाईसाठी रडत नव्हत्या. आपलं माप ठाऊक असलेलं माणूस गेलं म्हणून रडत होत्या.

हन्नाचंही तसंच. तिने शमुवेलाला शिलोच्या मंदिरात देवाच्या सेवेला दिलं. पोरगं डोळ्यांसमोर नाही. तरी ती दर वर्षी त्याच्यासाठी एक लहान झगा शिवून नेत असे. वर्षभरात तो किती वाढला असेल, हा अंदाज तिने कसा केला असेल? आपल्याकडे आया म्हणतात ना, "वाढत्या अंगाचं शिवा हो." आत थोडं कापड दुमडून ठेवायचं, मूल वाढलं की उसवून मोकळं करायचं. हन्नाच्या त्या झग्याच्या दुमडीत तिची वर्षभराची प्रार्थना असणार, असं मला नेहमी वाटतं.

आणि या सगळ्यांच्या आधी उत्पत्ती 3:21 आहे. आदाम आणि हव्वा चुकले, लाजले, अंजिराची पानं जोडून अंग झाकू लागले. तेव्हा बागेबाहेर पाठवण्यापूर्वी देवाने स्वतः त्यांच्यासाठी वस्त्रं केली आणि त्यांना घातली. देवाची प्रीती अमाप आहे असं आपण गातो. ते खरंच आहे. पण ती अमाप प्रीती माझ्या मापाची होऊन माझ्याकडे येते, हेही तितकंच खरं आहे.

आपल्याच जिल्ह्यातली गोष्ट

लोणावळ्याहून लोकलने पुण्याला या आणि तिथून दौंडच्या गाडीत बसा, वाटेत केडगाव लागतं. पंडिता रमाबाईंचं मुक्ती मिशन तिथे आहे. रमाबाई स्वतः विधवा होत्या. 1882 मध्ये पती वारले तेव्हा त्या 23 वर्षांच्या होत्या आणि पदरात लहानगी मनोरमा होती. 1883 मध्ये इंग्लंडमध्ये त्यांनी बाप्तिस्मा घेतला. 1889 मध्ये मुंबईत शारदा सदन काढलं, पुढच्या वर्षी ते पुण्यात आणलं. मग 1896-97 चा दुष्काळ आला. रमाबाई मध्य प्रांतात गेल्या आणि उपासमारीतून वाचलेल्या मुली आणि विधवा यांना घेऊन आल्या. 1900 च्या सुमारास केडगावात दीड हजार माणसं राहत होती.

एवढ्या बायकांना कपडे वाटून रमाबाई थांबल्या असत्या तरी लोकांनी त्यांना धन्य म्हटलं असतं. पण त्यांनी त्यांच्या हाती सुई दिली, माग दिला, छापखान्याचे खिळे दिले. शिवण, विणकाम, शेती, तेलघाणा, छपाई ही सगळी कामं तिथे बायका शिकल्या आणि करू लागल्या. कुणाला काय जमेल हे बघून काम दिलं जाई. हेसुद्धा माप घेणंच आहे.

शेवटची अनेक वर्षं रमाबाई हिब्रू आणि ग्रीक भाषांतून पवित्र शास्त्राचं मराठी भाषांतर करत होत्या. साध्या, कमी शिकलेल्या बाईला वाचून कळेल अशी मराठी त्यांना हवी होती. म्हणजे वचनसुद्धा त्यांनी वाचणारीच्या मापाने बेतलं. 1921 मध्ये मनोरमा आईच्या आधी गेली. तरी रमाबाईंनी काम सोडलं नाही. 5 एप्रिल 1922 ला त्यांनी डोळे मिटले, तेव्हा भाषांतर पूर्ण झालं होतं. ते मुक्तीच्याच छापखान्यात बायकांच्या हातांनी छापलं गेलं.

अवघड प्रश्न

आता एक प्रश्न, जो मी टाळू शकत नाही. तबीथा उठली. आमची आजी उठली नाही.

दोन वर्षांपूर्वी भर पावसाळ्यात ती गेली. आम्हीही प्रार्थना केली होती, गुडघे टेकून. मातीच्या दिवशी कार्ल्याच्या बाजूच्या वाड्यांवरून काही बायका आल्या. त्यांना आम्ही नीट ओळखतही नव्हतो. एकीने सांगितलं, तिच्या लेकाची पहिली कुंची आणि झबलं आजीने शिवलं होतं. दुसरीचा नवरा गेला तेव्हा आजीने तिला मशीनवर बसायला शिकवलं, आता ती फॉल-पिको करून घर चालवते. तिसरी काही बोललीच नाही. तिने पिशवीतून एक गोधडी काढली आणि आईच्या मांडीवर ठेवली. तिच्या सासूच्या जुन्या लुगड्यांची ती गोधडी आजीने तिच्याबरोबर बसून धावदोऱ्याने भरली होती. आई तेव्हा पहिल्यांदा मोठ्याने रडली.

त्यानंतर कित्येक महिने हा उतारा मी वाचत नव्हते. "तिला उठवलंस, मग आमच्या आजीला का नाही?" असं मनात यायचं. मग एका संध्याकाळी आईनेच तो मोठ्याने वाचला. वाचून म्हणाली, "अगं, त्या खोलीत कोण होत्या बघ. सगळ्या विधवा."

खरंच की! त्या खोलीतल्या प्रत्येकीचा नवरा मेला होता. प्रत्येकीने कधीतरी अशीच प्रार्थना केली असणार. त्यांच्यापैकी एकीचाही नवरा उठल्याचं शास्त्रात नाही. मग देवाने त्यांना काय दिलं होतं? तबीथा दिली होती. हातात सुई असलेली एक बाई, जी त्यांच्या दाराशी आली आणि म्हणाली, "ये, माप घेऊ दे."

आमच्या "का?" चं उत्तर मला अजून मिळालेलं नाही. पण प्रभू त्या खोलीत पेत्राच्या पावलांनी पहिल्यांदा आला नव्हता, एवढं मात्र कळलं. तो तबीथाच्या हातांनी कितीतरी आधी आला होता. आणि पुनरुत्थानाच्या दिवशी तो आमच्या आजीला हाक मारील, यावर माझा विश्वास आहे. तोपर्यंत मशीन रिकामं ठेवायचं नाही, असं आईचं आणि माझं ठरलं आहे. आईला आता सुईत दोरा ओवायला दिसत नाही. ओवून मी देते, टीप ती घालते.

या आठवड्यात करून पाहा

1. तुमच्या हाताला काय येतं ते लिहा. स्वयंपाक, एक्सेल शीट, गाडी चालवणं, फॉर्म भरणं, काहीही. त्याच्यापुढे "ही सेवा होऊ शकते का?" असं प्रश्नचिन्ह लावू नका. तबीथाने लावलं नव्हतं.

2. एका माणसाचं "माप" घ्या. पैसे पाठवण्याआधी भेटा. काय हवं ते विचारा आणि तो सांगेल ते ऐका. आपल्याला द्यावंसं वाटतं ते आणि त्याला लागतं ते, यात बऱ्याचदा चार बोटांचा फरक असतो.

3. जमेल तिथे वस्तूबरोबर हुन्नरही द्या. एखाद्या मुलीला रेझ्युमे बनवून देता, तसा बनवायला शिकवाही.

4. घरातल्या ज्या माणसाने तुमच्यासाठी हाताने काही केलं आहे, त्याला या रविवारी फोन करा. ते माणूस हयात आहे तोवर त्याला सांगा. त्या विधवांना कपडे दाखवायची वेळ तबीथा गेल्यावर आली.

प्रार्थना

प्रभू येशू, वधस्तंभाजवळ तुझा अंगरखाही काढून घेतला गेला, आणि तू आम्हाला तारणाचं वस्त्र दिलंस. आमचं दुःख, आमची लाज, आमची वाढ, सगळ्याचं माप तुला ठाऊक आहे. ज्यांच्या घरी यंदा खुर्ची रिकामी आहे त्यांच्याजवळ राहा. आमच्या हातांना जे येतं ते तुझ्यासाठी वापर, आणि कुणाच्या तरी जवळ जाऊन उभं राहायला आम्हाला शिकव. तुझ्या नावाने मागतो. आमेन.

उद्याचं वाचन : रूथ, अध्याय 2. वाचून ठेवा, उद्या भेटू.