काळा, सावळा, निळा : मराठी कवितेतील रंगप्रतीकांच्या अर्थनिर्णयाचा प्रश्न

काव्यातील रंगांच्या प्रतीकात्मकतेची चर्चा आपल्याकडे बहुधा एका कोष्टकाच्या आधारे केली जाते. लाल म्हणजे क्रांती किंवा प्रेम, हिरवा म्हणजे समृद्धी, पांढरा म्हणजे पावित्र्य, काळा म्हणजे दुःख अथवा मृत्यू, निळा म्हणजे अनंतता, अशी ही समीकरणे आहेत. पदव्युत्तर वर्गांतील टिपणांतून आणि परीक्षांतील उत्तरांतून ती वारंवार भेटतात. या समीकरणांत तथ्य नाही असे नव्हे. तथापि कवितेचा अर्थ लावण्याच्या कामी ती कितपत उपयोगी पडतात आणि कोठे ती वाचकाची दिशाभूल करतात, हा प्रश्न क्वचितच विचारला जातो. काळा, सावळा व निळा या परस्परांत मिसळणाऱ्या वर्णांच्या आधारे या प्रश्नाचा विचार करणे, हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे. रंगाचा प्रतीकार्थ रंगात नसतो. तो परंपरेतील संकेत, लोकव्यवहारातील उपयोग आणि कवितेची अंतर्गत रचना या तिहींच्या संबंधातून सिद्ध होतो, असे येथे प्रतिपादन करावयाचे आहे.

१. काव्यशास्त्रातील वर्णसंकेत

रंग आणि भाव यांचा संबंध जोडण्याची रीत भारतीय परंपरेत जुनी आहे. भरताच्या नाट्यशास्त्राच्या सहाव्या अध्यायात प्रत्येक रसाला एक वर्ण व एक देवता नेमून दिलेली आहे. शृंगाराचा वर्ण श्याम, हास्याचा शुभ्र, करुणाचा कपोत म्हणजे पारव्यासारखा करडा, रौद्राचा रक्त, वीराचा गौर, भयानकाचा कृष्ण, बीभत्साचा नील आणि अद्भुताचा पीत, अशी ही योजना आहे. या यादीत श्याम, कृष्ण व नील हे तीन वर्ण वेगवेगळे मानलेले असून ते तीन अगदी भिन्न रसांना दिलेले आहेत. श्याम वर्णाला विष्णू ही देवता आणि शृंगार हा रस मिळाला. कृष्ण वर्णाच्या वाट्याला भय आले आणि नील वर्णाच्या वाट्याला जुगुप्सा आली.

याउलट राजशेखराने ‘काव्यमीमांसे’त कविसमयांची चर्चा करताना कृष्ण व नील, कृष्ण व हरित, कृष्ण व श्याम हे वर्ण कवींनी एकच मानून वापरावेत असा संकेत नोंदविला आहे. यश व हास्य शुभ्र, अयश व पाप कृष्ण, क्रोध व अनुराग रक्त, हेही त्याच परंपरेतील संकेत होत. म्हणजे एका शास्त्राने जे वर्ण काटेकोरपणे विभक्त केले, तेच दुसऱ्याने कविव्यवहाराच्या पातळीवर एकत्र आणले. त्यामुळे संस्कृत काव्यशास्त्रातदेखील रंगाचा एकच एक अर्थ सर्वमान्य होता, असे म्हणता येत नाही. रक्तवर्णाच्या ठायी क्रोध आणि अनुराग यांना एकत्र नांदू देणारी ही परंपरा कोष्टकाच्या कल्पनेशी मुळातच विसंगत आहे.

२. लोकव्यवहारातील रंग

मराठी कवीला रंग केवळ शास्त्राकडून मिळालेले नाहीत; ते त्याला शेताकडून, घराकडून आणि वस्त्रांकडूनही मिळाले आहेत. गावगाड्याच्या भाषेत लागवडीच्या जमिनीला ‘काळी’ आणि वस्तीच्या जागेला ‘पांढरी’ म्हणतात. येथे काळा हा पिकाचा रंग आहे आणि पांढरा वसाहतीचा. मंगल प्रसंगी काळे वस्त्र वर्ज्य मानणारा समाज मंगळसूत्रात मात्र काळे मणी ओवतो, संक्रांतीला काळी चंद्रकळा नेसतो, आणि बाळाला दृष्ट लागू नये म्हणून काजळाचे बोट लावतो. अशुभ आणि अशुभापासून रक्षण करणारे, अशा दोन्ही बाजूंना एकच रंग उभा आहे.

तांबड्या रंगाचे उदाहरण याहून बोलके आहे. कुंकवामुळे हा रंग सौभाग्याशी निगडित झाला, हे सर्वपरिचित आहे. परंतु केशवपन केलेल्या विधवेला जे ‘आलवण’ नेसावे लागे, तेही तांबडे लुगडेच असे. ह. ना. आपटे यांच्या ‘पण लक्षात कोण घेतो?’ या कादंबरीच्या काळातील स्त्रीजीवन वाचताना ‘तांबडा म्हणजे सौभाग्य’ हे समीकरण घेऊन बसणारा वाचक अर्थाच्या नेमक्या उलट टोकाला जाऊन पोहोचेल. कपाळावरचा तांबडा आणि अंगावर लादलेला तांबडा यांतील अंतर रंगाच्या छटेत शोधता येत नाही. ते समाजव्यवस्थेतच शोधावे लागते.

३. संतकाव्य : संकेताचे उल्लंघन

वारकरी परंपरेतील आराध्य दैवताच्या नावातच रंगाचा एक विरोध साठविलेला आहे. ‘पांडुरंग’ या शब्दाचा वाच्यार्थ पांढऱ्या वर्णाचा असा होतो. भक्त मात्र त्याला सावळा म्हणून आळवितात. या नामाच्या व्युत्पत्तीविषयी अभ्यासकांनी बरीच चर्चा केली आहे. आपल्या दृष्टीने महत्त्वाचे एवढेच की, नाव आणि रूप यांतील हा विरोध संतकवींना कधी अडचणीचा वाटला नाही.

ज्ञानदेवांच्या नावावर असलेल्या विरहिणींत निळ्या वर्णाची जी योजना दिसते, ती या संदर्भात पाहण्याजोगी आहे. तेथे निळा हा केवळ कृष्णाच्या अंगाचा रंग राहत नाही. परिसर निळा होतो, पाहणे निळे होते आणि पाहणारी विरहिणीही त्या निळ्यात ओढली जाते. वर्णनासाठी आलेले विशेषण क्रमाक्रमाने अनुभवाचे नाम बनते. नाट्यशास्त्राने बीभत्साला दिलेला वर्ण येथे उत्कट माधुर्याचा आणि अद्वैतानुभवाचा वाहक झाला आहे. विष्णुदासनाम्याच्या नावावर प्रसिद्ध असलेल्या गौळणीत हीच प्रक्रिया काळ्या रंगाच्या बाबतीत घडते. रात्रीपासून घागरीपर्यंत आणि यमुनेच्या जळापासून अंगावरील वस्त्राभूषणांपर्यंत सारे काळे होत जाते, आणि त्या सर्व काळ्याचे पर्यवसान कृष्णाच्या काळ्या मूर्तीत होते. भयानकाचा वर्ण येथे लडिवाळ झाला आहे. पुनरुक्तीच्या योगाने कवी त्या रंगातील भय काढून घेतो. एकदा उच्चारलेला काळा भयसूचक ठरू शकला असता. दर पावली भेटणारा काळा ओळखीचा होतो.

येथवर आपण रंगाचा विचार दृश्य गुण म्हणून केला. परंतु ‘वर्ण’ हा शब्द मराठीत रंग, अक्षर आणि चातुर्वर्ण्यातील वर्ण असे तीन अर्थ वाहतो, ही गोष्ट दृष्टिआड करून चालणार नाही. चोखामेळ्याची पत्नी सोयराबाई हिच्या, सर्व रंग एकच झाल्याचा अनुभव सांगणाऱ्या सुप्रसिद्ध अभंगाकडे या दृष्टीने पाहावे. अभंगाचा सर्वसाधारण अर्थ अद्वैतपर लावला जातो: मी-तूपण मावळले, पाहणारा आणि पाहणे यांतील भेद संपला. हा अर्थ बरोबरच आहे. मात्र त्या अभंगाच्या शेवटी येणारी नाममुद्रा पतीच्या नावाबरोबर जातीचेही नाव घेऊन येते. भेद संपल्याचे सांगणाऱ्या रचनेवर भेदव्यवस्थेने दिलेली ओळख उमटलेली आहे. विटाळाच्या कल्पनेला अन्यत्र थेट प्रश्न विचारणारी ही कवयित्री ‘रंग’ एक झाल्याचे म्हणते, तेव्हा ‘वर्ण’ हा न उच्चारलेला शब्द त्यामागे ऐकू येणे स्वाभाविक आहे. केवळ आध्यात्मिक अर्थावर थांबणारे वाचन अभंगाचा एक भाग ऐकते; केवळ सामाजिक अर्थावर थांबणारे वाचनही तितकेच अपुरे ठरते. नाममुद्रेसह संपूर्ण रचना वाचली म्हणजे या दोन अर्थांतील ताण हाच तिचा गाभा असल्याचे ध्यानात येते.

४. ‘औदुंबर’ : रंगांचा क्रम

आधुनिक कवितेत रंगाचा अर्थ रचनेतून कसा घडतो, याचे उत्तम उदाहरण म्हणजे बालकवींची ‘औदुंबर’ ही आठ ओळींची कविता. ओढ्याकाठचे गाव, शेते, पायवाट, डोह आणि पाण्यात पाय सोडून बसलेले झाड, एवढाच तिचा विषय. या कवितेतील रंगवाचक शब्द क्रमाने मांडले असता एक निश्चित आकृती दिसू लागते. प्रथम काठांवरची हिरवळ येते. मग झऱ्याचा निळसर सावळा वर्ण. पुन्हा शेतांचा हिरवा. त्यातून जाणाऱ्या वाटेचा पांढरा. पुन्हा कुरणांचा हिरवा. नंतर डोहाचा काळा. आणि अखेर लाटांवर पसरणारी काळोखी. हिरवा तीनदा येतो आणि मग नाहीसा होतो. पांढरी वाट हिरव्यातून निघून काळ्याकडे जाते.

‘काळा म्हणजे मृत्यू’ हे समीकरण लावले तर कवितेचा अर्थ चटकन हाती आल्यासारखे वाटते. कवीच्या १९१८ मधील अकाली व अपघाती अंताची जाण असलेल्या वाचकाला तर हा मोह अधिकच होतो. परंतु कवितेतील दोन गोष्टी या समीकरणात बसत नाहीत. पहिली अशी की, लाटांवरच्या काळोखीला कवीने माधुर्यवाचक विशेषण जोडले आहे. हे विशेषण अकस्मात आलेले नाही. आरंभी झऱ्याला दिलेल्या निळसर सावळ्या वर्णाने संतकाव्यातील प्रिय दैवताच्या वर्णाची आठवण आधीच जागी केलेली आहे. सावळ्यापासून काळ्यापर्यंतचा प्रवास त्यामुळे केवळ प्रकाशाकडून अंधाराकडे जाणारा राहत नाही; परिचित माधुर्याकडून गूढ माधुर्याकडे जाणारा असाही तो होतो.

दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची आहे. या आठ ओळींपैकी दोन ओळींत एकही रंगवाचक शब्द नाही. त्यांपैकी एक गावाची ओळ आहे आणि दुसरी खुद्द औदुंबराची. मनुष्यवस्ती आणि तटस्थ वृक्ष या दोहोंना कवीने रंग दिलेला नाही. ज्याच्या नावाने कविता ओळखली जाते तो वृक्ष सर्व रंगांच्या शेवटी, परंतु रंगाविना उभा आहे. त्याला विरक्त म्हणावे, मृत्यूच्या सान्निध्यात निवांत झालेला म्हणावे, की दत्तसंप्रदायातील औदुंबराच्या पावित्र्याशी त्याचा संबंध जोडावा, याविषयी मतभेद राहतीलच. मात्र कोणताही अर्थ लावताना या वर्णहीनतेचा हिशेब द्यावा लागतो. कोष्टक उपस्थित रंगांचा अर्थ सांगू शकते. अनुपस्थित रंगाविषयी त्याच्यापाशी काहीही सांगण्यासारखे नसते.

५. निळ्याचे दुसरे कुळ

विसाव्या शतकात मराठीतील ‘निळा’ या शब्दाला एक नवे कुळ लाभले. डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांच्या नेतृत्वाखाली १९४२ मध्ये स्थापन झालेल्या शेड्यूल्ड कास्ट्स फेडरेशनचा ध्वज निळा होता. १९५६ च्या नागपूर येथील धर्मांतरानंतर आणि १९५७ मधील रिपब्लिकन पक्षाच्या स्थापनेनंतर निळा हा आंबेडकरी समाजाच्या अस्मितेचा रंग म्हणून दृढ झाला. आकाशाखाली सारी माणसे समान, असा अर्थ त्यास चळवळीत दिला जातो. भीमगीतांतून, जलशांच्या परंपरेतून आणि पुढे दलित कवितेतून हा निळा मराठी काव्यभाषेत आला.

दलित कवितेत निळ्याचा उल्लेख आला असता त्यास ‘अनंतता’ किंवा ‘कृष्णभक्ती’ असे अर्थ चिकटविणे, ही केवळ वाङ्मयीन चूक ठरत नाही. ज्या समाजाने एक रंग सामूहिक कृतीने कमावला, त्याची ती कृतीच अशा वाचनाने पुसली जाते. याउलट, विरहिणीतील निळ्याला आजचा राजकीय अर्थ देणे हाही काळाचा विपर्यास होय. शब्द एकच असला तरी त्याची कुळे दोन आहेत. काळोखाच्या बाबतीतही तेच. नामदेव ढसाळ यांच्या ‘गोलपिठा’ (१९७२) मधील रात्र महानगराच्या वेश्यावस्तीतील आहे. गौळणीतील लडिवाळ काळोख किंवा औदुंबराच्या डोहावरील मधुर छाया तेथे शोधणे व्यर्थ आहे. उलट, त्या माधुर्याचा अभाव वाचकाला जाणवणे हाच तेथील अर्थाचा भाग आहे. आणि तो अभाव जाणवण्यासाठी आधीची परंपरा ठाऊक असावी लागते.

६. निष्कर्ष

वरील विवेचनातून पुढील गोष्टी स्पष्ट होतात. रंगांचे पारंपरिक संकेत कवीला आरंभबिंदू म्हणून उपलब्ध असतात, आणि समर्थ कवी त्यांचा स्वीकार करतो त्याहून अधिक वेळा त्यांना वळण देतो. बीभत्साचा नील विरहिणीत मधुर झाला आणि भयानकाचा कृष्ण गौळणीत आपलासा झाला, याचे कारण हेच. दुसरे असे की, रंगाचा अर्थ ठरविताना तो कोणाच्या अंगावर, कोणाच्या हातात आणि कोणाच्या इच्छेने आला, हे विचारावे लागते. कुंकू व आलवण, अभंगातील एकरंग व त्याखालील नाममुद्रा, ही उदाहरणे या विचारणेची आवश्यकता सिद्ध करतात. तिसरे म्हणजे, कवितेत रंग एकटा येत नाही. त्याचा क्रम, त्याची पुनरुक्ती, त्याच्या शेजारचे विशेषण आणि त्याची अनुपस्थिती हे सर्व अर्थाचे घटक असतात.

अध्यापनाच्या दृष्टीने याचा एक साधा उपयोग संभवतो. ‘या कवितेत काळा रंग कशाचे प्रतीक आहे?’ या प्रश्नाऐवजी ‘या कवितेत काळा रंग कोणत्या रंगानंतर येतो, कोणाला दिला जातो आणि कोणाला नाकारला जातो?’ असा प्रश्न विद्यार्थ्यांपुढे ठेवावा. पहिल्या प्रश्नाचे उत्तर कविता न वाचताही देता येते. दुसऱ्यासाठी मात्र कविता ओळीओळीने वाचावीच लागते.