चार्जिंग केंद्र : फलकावरचे आणि चालणारे

या अभ्यासलेखासाठी आम्ही विद्युत वाहनांच्या सार्वजनिक चार्जिंग केंद्रांचा विषय निवडला आहे. एटापल्लीसारख्या वनतालुक्यात हा विषय दूरचा वाटण्याचा संभव आहे. परंतु रस्ता, रेल्वे, वीज, दूरध्वनी यांपैकी प्रत्येक सुविधा प्रथम कोणाच्या दारी गेली आणि कोणाच्या दारी सर्वांत शेवटी पोहोचली, यावरून समाजाची रचना कळते, हा इतिहासाचा धडा आहे. म्हणून नवी सुविधा येत असतानाच तिच्या वाटपाचा विचार व्हावा. ती इतरत्र रुळल्यानंतर केलेली मागणी केवळ तक्रार ठरते.

धोरणाचा नकाशा

केंद्रीय ऊर्जा मंत्रालयाने डिसेंबर २०१८ मध्ये चार्जिंग सुविधांची मार्गदर्शक तत्त्वे प्रसिद्ध केली. शहरात ३ किलोमीटर लांबी-रुंदीच्या प्रत्येक चौकोनात किमान एक केंद्र आणि महामार्गावर दोन्ही बाजूंना दर २५ किलोमीटरला एक, असे माप त्यात होते. क्रमही ठरलेला होता : प्रथम २०११ च्या जनगणनेनुसार ४० लाखांवर लोकसंख्या असलेली महानगरे व त्यांना जोडणारे द्रुतगती मार्ग, त्यानंतर राज्यांच्या राजधान्या.

महाराष्ट्र शासनाचे विद्युत वाहन धोरण जुलै २०२१ मध्ये आले. त्यातील केंद्रांचे लक्ष्य असे होते : मुंबई १,५००, पुणे ५००, नागपूर १५०, नाशिक १००, औरंगाबाद ७५, अमरावती ३०, सोलापूर २०. एकूण २,३७५. या सात नावांत विदर्भातील दोन शहरे आहेत. चंद्रपूर व गडचिरोली नाहीत. एप्रिल २०२५ मध्ये मंजूर झालेल्या नव्या धोरणाने महामार्गांवर दर २५ किलोमीटरला चार्जिंगची सोय करण्याचे ठरविले. हे पाऊल निश्चितच पुढचे आहे.

एस.टी.चा इतिहासही येथे बोलका आहे. १ जून १९४८ रोजी पहिली गाडी पुणे-अहमदनगर मार्गावर धावली. १ जून २०२२ रोजी ‘शिवाई’ ही महामंडळाची विद्युत बसही त्याच मार्गावर सुरू झाली. पहिला मान मोठ्या शहराला मिळणे स्वाभाविक मानले, तरी शेवटचा क्रम नेहमी वनप्रदेशाचाच का, हा प्रश्न उरतोच.

आपल्या वाटेचे गणित

गडचिरोलीहून चामोर्शी, आष्टी, आलापल्लीमार्गे एटापल्ली सव्वाशे किलोमीटरांहून अधिक आहे. २५ किलोमीटरचे माप लावले, तर या वाटेवर किमान पाच केंद्रे लागतात. परंतु हे माप महामार्गाचे आहे. महामार्ग सोडून आत वळणाऱ्या रस्त्यांवरील गावे त्यात मोजली जात नाहीत.

विजेवरील साध्या दुचाकीची बॅटरी सुमारे ३ युनिटची असते. ती घरच्या सॉकेटवर रात्रभरात भरते आणि तालुक्यातील रोजच्या ये-जा करण्यास पुरते. जिल्ह्याच्या ठिकाणी जाऊन परत यायचे, तर वाटेत चार्जिंग हवेच. मजुरीवर जगणाऱ्या घरात पेट्रोलचा खर्च मिळकतीचा मोठा वाटा खातो. म्हणून स्वस्तात धावणाऱ्या वाहनाची गरज शहरातील सधन कुटुंबापेक्षा येथील कुटुंबाला अधिक आहे.

चार दुवे

केंद्र उभारले म्हणजे सेवा सुरू झाली, असे होत नाही. वीज, यंत्र, संपर्क आणि माणूस या चार दुव्यांवर सेवा टिकते. जंगलातून जाणाऱ्या वीजवाहिनीवर पावसाळ्यात फांदी पडली की पुरवठा खंडित होतो. विजेचा दाब कमी झाला तर जलद चार्जर बंद पडतो. बहुतेक यंत्रे मोबाइलवरून सुरू होतात व पैसेही तसेच घेतात. रेंज नसेल तर वीज असूनही गाडी उभीच राहते. आणि यंत्र बिघडल्यावर दुरुस्तीचा माणूस दूरच्या शहरातून यायचा असेल, तर दिवस मोजावे लागतात.

विद्यार्थ्यांनी हे गणित करून पाहावे. प्रत्येक दुवा शंभरपैकी ९० वेळा ठीक चालतो, असे समजा. चारही एकाच वेळी ठीक असण्याची शक्यता ०.९ चा चार वेळा गुणाकार, म्हणजे सुमारे ०.६६. शंभर प्रवाशांपैकी ३४ जण रिकाम्या हाताने परततील. पुण्यात असा प्रवासी पुढच्या चौकातील केंद्रावर जातो. आलापल्ली-एटापल्लीच्या सुमारे ३० किलोमीटरच्या रस्त्यावर त्याने कोठे जावे? जेथे केंद्रे कमी, तेथे प्रत्येक केंद्र अधिक भरवशाचे असले पाहिजे.

बाबासाहेबांची दृष्टी

१९४२ ते १९४६ या काळात डॉ. बाबासाहेब आंबेडकर व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूरमंत्री होते. पाटबंधारे व वीज हे विषय त्यांच्याकडेच होते. ऑक्टोबर १९४३ मध्ये वीजविषयक धोरण समितीच्या बैठकीत त्यांनी युद्धोत्तर वीजविकासाची मांडणी केली. औद्योगिकीकरणाखेरीज दारिद्र्यातून सुटका नाही आणि मुबलक व स्वस्त विजेखेरीज औद्योगिकीकरण नाही, हा त्या मांडणीचा गाभा होता. केंद्रीय तांत्रिक वीज मंडळ १९४४ मध्ये त्यांच्याच कारकिर्दीत स्थापन झाले. वीज हा त्यांच्या लेखी माणसाच्या मुक्तीशी जोडलेला विषय होता.

आज चंद्रपूरजवळील ऊर्जानगरचे औष्णिक केंद्र २,९२० मेगावॅट क्षमतेचे आहे. कोळसा या भूमीचा आणि धूरही याच भूमीवर. त्या विजेतील भरवशाचा वाटा याच परिसराने मागणे हा न्याय आहे, मेहेरबानी नव्हे.

काय मागावे

पहिली मागणी जागेची. आरंभीची केंद्रे बसस्थानक, ग्रामीण रुग्णालय, तहसील कार्यालय अशा सर्वांना मोकळ्या ठिकाणी असावीत. दुसरी, यंत्राच्या आकाराची. येथे प्रथम दुचाकी व तीनचाकींना चालतील असे साधे, कमी क्षमतेचे अनेक सॉकेट हवेत. महागडे जलद यंत्र नंतर यावे. तिसरी, मोजणीची. किती केंद्रे उभारली यासोबत प्रत्येक केंद्र महिन्यात किती तास चालू होते, हा आकडा जाहीर व्हावा. चौथी, माणसांची. औद्योगिक प्रशिक्षण संस्थांतून शिकलेल्या स्थानिक तरुण-तरुणींना दुरुस्तीचे काम मिळावे.

विद्युत कायदा २००३ च्या कलम ५७ मध्ये पुरवठ्याची कृतिमानके व ती न पाळल्यास ग्राहकाला भरपाई, अशी तरतूद आहे. एटापल्ली अनुसूचित क्षेत्रात असल्याने १९९६ च्या पेसा कायद्याने ग्रामसभेला गावविकासाच्या योजना मंजूर करण्याचा अधिकार आहे. या दोन्ही कायद्यांचे वाचन ग्रामसभेत मोठ्याने व्हावे.

माजी विद्यार्थ्यांपैकी जे वीज, परिवहन वा प्रशासनाच्या सेवेत आहेत, त्यांनी या वाचनाला यावे आणि अर्जाची भाषा नेमकी करून द्यावी. शिक्षणाचा गावाला होणारा हा प्रत्यक्ष उपयोग आहे.